पाण्याच्या पिंपाजवळ

"ताई, मी सांगलीची. मेकॅनिकल डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. गेल्या महिन्यात रोजगार मेळाव्याला गेले. चाळीसेक स्टॉल. मैत्रीण सगळ्यांशी गप्पा मारत फिरली. मी तीन ठिकाणी बायोडेटा ठेवला आणि उरलेला वेळ पाण्याच्या पिंपाजवळ काढला. घरी येऊन रडले. माझ्यासारख्या बुजऱ्या मुलीचं कसं व्हायचं? – कोपऱ्यातली"

अगं कोपऱ्यातले,

मी दोन वर्षं एका कारखान्याच्या भरतीसाठी टेबलाच्या पलीकडे बसले आहे, म्हणून तिकडचं सांगते. सकाळी दहाला आम्ही ताजेतवाने असतो. बारा वाजेपर्यंत घसा बसतो, समोर बायोडेटांची चळत साचते आणि "मॅडम, मी खूप मेहनती आहे" हे पन्नासाव्यांदा ऐकलं की कोण कुठला काही लक्षात राहत नाही. भरभरून बोलणारेसुद्धा. (तुझ्या मैत्रिणीचं वाईट चिंतत नाही हं.) लक्षात राहिली ती एक मुलगी. आवाज इतका बारीक की मला टेबलावर वाकावं लागलं. तिने विचारलं, "ट्रेनींना सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर) हात लावायला किती महिन्यांनी मिळतं?" एवढंच. मी तिचा कागद चळतीत न टाकता वेगळ्या फायलीत ठेवला.

तेव्हा बोलकी व्हायच्या भानगडीत पडू नकोस. प्रश्न घरून घेऊन जा. सरकारी मेळावा असेल तर कोण येणार, कुठली पदं, शिक्षण काय हवं, हे महास्वयं या राज्य सरकारच्या रोजगार पोर्टलवर आधी बघता येतं. त्यातले चार स्टॉल निवड, दार उघडताच जा, आणि चार झाले की बाहेर येऊन उसाचा रस पी. पाचव्यासाठी जीव काढायचा नाही.

रांगेत पुढेमागे उभ्या असलेल्यांशी मात्र बोल. ते तुझ्याइतकेच घाबरलेले असतात. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं होतं, की ती ओळखीची व्यक्ती तुम्हाला किती वेळा भेटायची? १९७३ साली छापलेल्या त्याच्या लेखात आठवड्यातून दोनदा तरी भेटणाऱ्या जवळच्या माणसांचा वाटा जेमतेम १७ टक्के निघाला. बाकीचे अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारे. रांगेतली ओळख अशीच असते की नाही?

आणि त्याच रात्री मेसेज टाक. "सर, दुपारी ट्रेनिंगबद्दल विचारणारी मी" असं सुरू कर, चार ओळींत संपव. इथे तू मैत्रिणीला मागे टाकशील. तुझं पत्र वाचूनच म्हणते.

पिंपाजवळ खुशाल उभी राहा. घसा सुकला की भरतीवाले तिथेच येतात, आणि तिथे त्यांच्यापुढे रांग नसते.

– ताई