यलोस्टोनच्या कुंडात गुडघे शेकता येतील का?

प्रश्न : माझे वय ६८. मुलगा डेन्व्हरला असतो. जूनमध्ये आम्हा दोघांना अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात नेणार म्हणतो. तो जिवंत ज्वालामुखी आहे असे वाचल्यापासून हिची झोप उडाली आहे. काळजीचे कारण आहे का? आणि आपल्या उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडासारखे तिथल्या कुंडात उतरता येते का? गुडघे दुखतात. – एक वाचक, दापोली

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते, कारण जीव जातो तो त्यात. नाही, उतरता येत नाही. बोटसुद्धा बुडवायचं नाही. तिथल्या कुंडांत पडून किंवा उतरून भाजल्यामुळे आजवर वीसहून जास्त माणसं गेली आहेत. कडेची जमीन घट्ट दिसते, पण ती तापल्या दुधावरच्या सायीसारखी असते. खाली उकळतं पाणी. म्हणून सगळीकडे लाकडी फळ्यांची वाट केलेली आहे. ती सोडायची नाही, फोटोसाठी तर मुळीच नाही.

उन्हवऱ्याची गोष्ट वेगळी. सह्याद्रीचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो कधीच गार झाला. तिथे पावसाचं पाणी भेगांमधून खोल मुरतं, पोटातल्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. यलोस्टोनखाली मात्र आजही अर्धवट वितळलेला खडक आहे.

आता वहिनींच्या झोपेचं. तिथला शेवटचा महास्फोट ६ लाख ४० हजार वर्षांपूर्वी झाला आणि शेवटचा लाव्हा वाहून गेला त्यालाही ७० हजार वर्षं झाली. तुमच्या चार दिवसांत तो जागा होईल ही चिंता सोडा. वाफेचे छोटे स्फोट मात्र होतात. जुलै २०२४ मध्ये बिस्किट बेसिनला असा एक झाला, फळ्यांची वाट मोडली, लोक पळाले. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. एखादी वाट बंद असेल तर मुलाला वाकडी वाट करू देऊ नका.

मी भूगोल शिकवायचे. गायझर, म्हणजे थांबून थांबून उसळणारा गरम पाण्याचा झरा, कसा चालतो ते फळ्यावर खडूने काढून किती वर्षं सांगितलं! अरुंद नळी, वरच्या पाण्याचा भार, त्यामुळे खालचं पाणी शंभराच्या वर तापूनही उकळत नाही. वरचं थोडं सांडलं की भार हलका होतो आणि खालच्याची एकदम वाफ होते. ओल्ड फेथफुल या तिथल्या गायझरसमोर बसले तेव्हा यातलं काही आठवलं नाही. आधी दोन-तीनदा नुसतं उचंबळलं, फुस्स झालं. ‘एवढंच?’ म्हणून आमचे हे कॉफीच्या रांगेत गेले आणि इकडे पाण्याचा खांब दहा-बारा मजले चढला. तीन मिनिटांत खेळ खलास. पुढचा दीड तासाने. बसलो की आम्ही पुन्हा! अंदाजे वेळ तिथे फलकावर लावतात, पण दहा मिनिटं इकडेतिकडे धरूनच चाला. बाकं आहेत, वाट सपाट आहे, गुडघ्यांचं तिथे काही बिघडत नाही. ठिकाण महाबळेश्वराहून खूप उंच आहे, दम लागेल. सावकाश चाला, पाणी पीत राहा.

ग्रँड प्रिझमॅटिक कुंड सकाळच्या गारठ्यात बघू नका, नुसती वाफ दिसते. उन्हं वर आल्यावर जा. मधे निळं, कडेला पिवळं, मग नारिंगी, मग गंजासारखं तपकिरी. निळा रंग पाण्याचा, बाकीचे जिवाणूंचे. कडेकडे पाणी जसं निवत जातं तशी त्यांची जात बदलते. याच उद्यानातल्या उष्ण पाण्यातल्या एका जिवाणूचं विकर (एन्झाइम) पुढे पीसीआर चाचणीला कामी आलं. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी नाकात काडी घालून घेतली, तीच चाचणी.

मॉर्निंग ग्लोरी कुंडात लोकांनी इतकी नाणी टाकली की खालचं तोंड चोंदलं, पाणी निवलं आणि कडेची पिवळी-नारिंगी झाक आत सरकली. कुंड दिसलं की आपला हात आपसूक पाकिटाकडे जातो, म्हणून सांगते.

वास येईल. सडक्या अंड्याचा म्हणतात; मला तर पादेलोणाची बाटली उघडल्यासारखा वाटला, वायू तोच. आणि फवारा चष्म्यावर उडाला तर लगेच पाण्याने धुवा. मी पदराने पुसला. सिलिकाचे डाग पडले ते पुण्यात येऊन काच बदलेपर्यंत गेले नाहीत.