डिक्सी डीनचे 60 गोल आणि आठवड्याचे 8 पौंड

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं. मुलगा अकरावी कॉमर्सला आहे, तालमीच्या संघातून शाहू स्टेडियमवर सेंटर फॉरवर्ड खेळतो, बाहेरच्या एका क्लबनं करार पुढे केलाय. आणि आता तो म्हणतोय, 'डिक्सी डीननं चौदाव्या वर्षी शाळा सोडली, मग मी बारावी कशाला करू?' त्याला काय सांगू, असं विचारलंय तुम्ही. डीनचंच सांगा, फक्त पुरतं सांगा.

डीन हा इंग्लंडचा सेंटर फॉरवर्ड, 1907चा, बर्कनहेडचा. शाळा सोडली हे खरं, पण सोडून तो रेल्वेत फिटरच्या उमेदवारीला लागला. हातात एक काम होतं. पोरं नेमकं तेवढं गाळतात. ट्रॅनमिअर रोव्हर्सकडून 30 सामन्यांत 27 गोल केल्यावर मार्च 1925मध्ये एव्हर्टन या मोठ्या क्लबनं त्याला 3,000 पौंडांना घेतलं. त्याच वर्षी ऑफसाइडचा नियम बदलला. पास सुटताना पुढच्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्ध्यांचे तीन जण असावे लागत, ते दोनवर आले. पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या डिव्हिजनमध्ये आदल्या मोसमात 1,192 गोल झाले होते, पुढच्या मोसमात 1,703. उंच उडून हेडर मारणाऱ्या पोराला याहून चांगला मुहूर्त कुठला मिळणार!

तरी 1926 साली मोटारसायकलच्या अपघातात त्याची कवटी आणि जबडा मोडला, आणि सगळं तिथंच संपू शकलं असतं. तो परतला. 1927-28च्या मोसमात तीन सामने उरले तेव्हा त्याचे 51 गोल होते. अॅस्टन व्हिलाविरुद्ध 2, बर्नलीविरुद्ध 4. आदल्याच वर्षी मिडल्सब्रोच्या जॉर्ज कॅमसेलनं दुसऱ्या डिव्हिजनमध्ये 59 केले होते. तो विक्रम मोडायला शेवटच्या सामन्यात तीन हवे होते. 5 मे 1928, समोर आर्सेनल. तिसरा गोल सामना संपायला काही मिनिटं असताना आला, अॅलेक ट्रूपच्या कॉर्नरवर हेडरनं. लीगच्या 39 सामन्यांत 60 गोल. हे चिरंजीवांना पाठ असेलच.

आता त्याला पाठ नसलेलं. त्या काळी इंग्लंडमध्ये पगारावर कमाल मर्यादा होती: 1922पासून मोसमात आठवड्याला 8 पौंड, उन्हाळ्यात 6. मोसमाचे 37 आठवडे आणि सुट्टीचे 15 धरले तर वर्षाचे 386 पौंड. जिंकल्यास वर 2, बरोबरीला 1. साठ गोल करणाऱ्यालाही हीच कमाल. एव्हर्टननं मोजलेले 3,000 म्हणजे जवळपास आठ वर्षांचा पूर्ण पगार, आणि तो पैसा क्लबांमध्येच फिरे. कराराची मुदत संपली तरी क्लब खेळाडूची नोंदणी धरून ठेवू शके. सोडल्याशिवाय तो लीगमध्ये दुसरीकडे खेळू शकत नसे. पाच वर्षांच्या सेवेनंतर जास्तीत जास्त 650 पौंडांची लाभरक्कम मिळे, तीही क्लबच्या मर्जीनं.

डीननं एव्हर्टनला दोनदा लीग आणि 1933चा एफए कप जिंकून दिला. मार्च 1938मध्ये, वय 31, त्याच 3,000 पौंडांना नॉट्स काउंटीला विकला गेला. 1939मध्ये आयर्लंडच्या स्लायगो रोव्हर्सकडे काही सामने, मग युद्ध. पुढे चेस्टरला पब चालवला, नंतर लिटलवुड्समध्ये पोर्टर म्हणून काम केलं. हे लिटलवुड्स म्हणजे फुटबॉलच्या निकालांवर पैसे लावायची कुपनं काढणारी कंपनी. खेळ कमी पडला नव्हता. कमी पडला तो करार.

त्याच काळातला बर्नार्ड जॉय बघा. लंडन विद्यापीठात शिकलेला शाळामास्तर. आर्सेनलकडून सेंटर हाफ, म्हणजे बचावाच्या मधोमध, खेळला, पण हौशी म्हणून, पगार शाळेचा. 1936 साली बेल्जियमविरुद्ध इंग्लंडकडून उतरला, पुढे लीग विजेत्या संघातही होता. युद्धानंतर क्रीडा पत्रकार झाला. सगळ्यांना हे जमत नाही, खेळाला सवड देणारी नोकरी लागते.

आता तुमच्यासमोरचा कागद. मुलगा अठराच्या आत असेल तर फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमानुसार व्यावसायिक करार तीन वर्षांहून जास्त नसावा. पाच लिहिले असतील तर सही करू नका. पगार बारा महिन्यांचा की फक्त मोसमाचा, हे आकड्यात लिहून घ्या. बहुतेक पोरं इथंच फसतात, आठ महिन्यांचा पगार वर्षाचा समजतात. गुडघ्याचं लिगामेंट फाटलं तर ऑपरेशन कोण करणार आणि तेवढे महिने पगार चालू राहणार का, हे वेगळं कलम हवं. 'बघून घेऊ' याला कलम म्हणत नाहीत. डीनपेक्षा आज एक गोष्ट बरी आहे: करार संपला की खेळाडू मोकळा, आणि शेवटच्या सहा महिन्यांत दुसऱ्या क्लबशी बोलता येतं. दोन महिन्यांचा पगार थकला तर 15 दिवसांची लेखी नोटीस देऊन करार सोडता येतो, म्हणून पगार बँकेतच घ्या. रोखीचा पुरावा राहत नाही.

बारावी मात्र सोडू देऊ नका. कॉलेजची हजेरी जमत नसेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. अर्जाची मुदत तेवढी सांभाळा. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण शैक्षणिक पात्रता तिथंही लागते आणि प्रमाणपत्रांची पडताळणी होते. पेठेतल्या चषकांचं सर्टिफिकेट त्यात चालत नाही, राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांची मूळ कागदपत्रं एका फाइलमध्ये ठेवा.

सहीच्या आधी कराराची प्रत दोन दिवस घरी मागा. देत नसतील तर मला कळवा.