ड्रेस्डेनला निघालेल्या अमळनेरच्या भाऊला

मी राहते त्या ड्रेस्डेनला लवचिक एमओएफवर (धातू आणि सेंद्रिय दुव्यांच्या सच्छिद्र स्फटिकांवर) पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची जागा, मिळतेय, बायको आणि ८ वर्षांच्या मुलाला सोबत नेऊ की आधी एकटाच जाऊ, असं विचारलंस. व्हिसा, विमा, पगार वेबसाइटवर सापडेल, ते मी लिहीत नाही.

नावाचं मात्र आजच बघ. माझ्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं, वडिलांचं आणि शेवटी आईचं, पासपोर्टवर नवऱ्याचं. इथल्या सरकारी कचेरीतल्या बाईंना या चार नावांत एकच बाई दिसेना. जळगावहून प्रतिज्ञापत्र, त्याचं जर्मन भाषांतर, त्यावर आणखी शिक्का... तीन महिने गेले. एका कार्डावर आईचं नाव माझं आडनाव म्हणून छापून आलं.

काम सुंदर आहे, यात वाद नाही. इथल्याच डीयूटी-४९ या एमओएफनं २०१६ साली सगळ्यांना चक्रावून टाकलं. उणे १६२ अंशांना मिथेनचा दाब वाढवत नेला की एका टप्प्यावर स्फटिक आकसतो आणि आत घेतलेला वायू बाहेर टाकतो. दाब वाढला तर जास्त शिरायला हवा ना? पण नुसता लिंकर (धातूंना जोडणारा सेंद्रिय दुवा) बदलला की हवा तो प्रतिसाद मिळेल असं तू म्हणतोस, तसं होत नाही. याच पदार्थाचे स्फटिक मायक्रोमीटरहून बारीक केले की हा खेळ बंद. स्फटिकात अडकलेला सॉल्व्हंट (द्रावक) घाईनं उडवलास तर आतल्या पोकळ्या कोसळतात. सुपरक्रिटिकल (धड द्रव नाही, धड वायू नाही अशा) कार्बन डायऑक्साइडनं वाळव. एमआयएल-५३ हा दुसरा एमओएफ पाणी लागलं की मिटतो, तापवला की उघडतो, कुरकुर न करता. सगळे इतके गुणी नसतात.

एकटेपणा? होतो. हिरव्या वांग्यांशिवाय भरीत करायला शिकतोच आपण.

तिघं एकदमच या, पण मुलाचं जर्मन अमळनेरातच सुरू कर. सॅक्सनीत, म्हणजे ड्रेस्डेनच्या राज्यात, चौथीनंतर मुलांची वाटणी होते: विद्यापीठाकडे नेणारी जिमनाझियम शाळा नाहीतर ओबरशूल ही दुसरी शाळा. तुझ्या मुलाच्या हातात जेमतेम दोन वर्षं आहेत. माझ्या लेकीचं गणित पक्कं, जर्मन कच्चं. शाळेनं ओबरशूल सुचवली. पालकांना शाळेत बोलावलं त्या दिवशी मी बर्लिनला सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरणांच्या मोठ्या यंत्रावर) होते. मिळालेला बीमटाइम (यंत्र वापरायची ठरलेली वेळ) सोडवेना. नवऱ्याला जर्मन येत नाही, तो मान डोलावून सही करून आला. शिफारशीविरुद्धही अर्ज करता येतो, हे मुदत टळल्यावर कळलं. मी त्याच्यावरच ओरडले.

त्या दिवसाचा आलेख माझ्या पेपरात तिसरी आकृती म्हणून आहे. लेक आता विचारते, यात काय दाखवलंय? मी सांगते, स्फटिक कधी मिटतो ते.