आधी सॅम्पलर, मग ड्रम मशीन

प्रश्न : ताई, माझ्याकडे कॉर्गचा मिनिलॉग सिंथ आहे. लॅपटॉप न लावता फक्त यंत्रांवर संगीत करायचंय. मी ढोलकी वाजवतो, घरात काका संबळ वाजवतात, तेही आवाज हवेत. बचत सध्या एकाच यंत्रापुरती आहे. मित्र म्हणतात रोलँडचं टीआर-८एस हे ड्रम मशीन घे, दुकानदार एसपी-४०४ एमके टू हा सॅम्पलर (आवाज रेकॉर्ड करून पॅडवर वाजवणारं यंत्र) दाखवतो. काय घेऊ? आणि या यंत्रांत सात मात्रांचा रूपक ताल बसतो का? – एक वाचक, सातारा

उत्तर : एसपी-४०४ घ्या. घरात ढोलकी आणि संबळ असताना पहिलं यंत्र ड्रम मशीन असावं, हे मला पटत नाही. टीआर-८एस उत्तम आहे. त्यात एसडी कार्डावरून स्वतःचे आवाज भरताही येतात. पण त्यात थेट रेकॉर्डिंग होत नाही. काकांचं संबळ आधी दुसरीकडे रेकॉर्ड करायचं, कापायचं, मग कार्डावर टाकायचं. म्हणजे लॅपटॉप मागच्या दाराने आलाच. एसपीला माइक लावला, पॅड निवडलं, की आवाज पॅडवर. माइक मात्र डायनॅमिक घ्या, कारण कंडेन्सर माइकला लागणारी फँटम पॉवर त्यात नाही. मिनिलॉगही त्याच्याच लाइन इनमध्ये (बाहेरचा आवाज आत घ्यायच्या जॅकमध्ये) जाईल, वेगळा मिक्सर लगेच नको. एसपीचे मिडी जॅक (यंत्रं एकमेकांना इशारे देतात ते) छोटे, ३.५ मिमीचे आहेत आणि मिनिलॉगचे जुने पाच पिनांचे, तेव्हा जोडणीची केबल सोबतच मागून घ्या.

आता ढोलकीचं. मी बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवला, त्यामुळे यावर माझं मत पक्कं आहे. धुमेवर, म्हणजे ढोलकीच्या खर्जाच्या बाजूवर, हात दाबत नेला की जो घुमारा उठतो, तो दर वेळी थोडा वेगळा असतो, आणि ढोलकीचा जीव तिथेच आहे. एकच घुमारा रेकॉर्ड करून पॅटर्नभर (यंत्रात भरून फिरत राहणाऱ्या ठेक्यात) वापरला, तर दुसऱ्या आवर्तनाला कान ते ओळखतो. म्हणून घुमाऱ्याचे चार-पाच नमुने घ्या : लांब, आखूड, अर्धवट दाबलेला, नुसता मोकळा. चाटीचेही (दुसऱ्या, उंच सुराच्या बाजूचे) जोरकस आणि हलके असे दोन-तीन घ्या. ते वेगवेगळ्या पॅडवर ठेवा आणि ठेका स्वतः बोटांनी वाजवून पॅटर्नमध्ये भरा. क्वांटाइझ, म्हणजे ठोके आपोआप मोजणीला चिकटवण्याची सोय, लगेच लावू नका. तुम्ही वाजवणारे आहात, तुमचा हात यंत्रापेक्षा जास्त जाणतो.

दोन गोष्टी रेकॉर्डिंगच्या वेळीच सांभाळा. गाणं ज्या पट्टीत असेल, त्या सुरात ढोलकी लावूनच रेकॉर्ड करा. सॅम्पल वर चढवलं की ते साधारणपणे वेगानेही वाजतं, आणि घुमारा आखडून जातो. दुसरं म्हणजे, सॅम्पलच्या सुरुवातीची शांतता अगदी थापेपर्यंत कापा. तिथे २० मिलिसेकंद जरी राहिले, तरी ठेका ओढल्यासारखा मागे पडतो आणि दोष उगाच स्वतःच्या हाताला दिला जातो.

लचकीसाठी स्विंग वापरा. अमेरिकी यंत्ररचनाकार रॉजर लिन यांनी ही सोय ड्रम मशीनमध्ये आणली, त्यांचाच पुढे १९८८च्या आकाईच्या एमपीसी-६० या सॅम्पलरमध्ये हात होता. दर दुसरा सोळांश (मात्रेचा चौथा भाग) थोडा उशिरा वाजवायचा, एवढंच त्यामागचं काम. लिन यांच्या टक्क्यांच्या मोजणीत ५० म्हणजे सरळ आणि ६६ म्हणजे जवळजवळ तिगुनीची चाल. लावणीच्या अंगाच्या ठेक्याला मला ५७-५८ आवडतं, त्यापुढे तो डोलायचा सोडून लंगडू लागतो.

रूपक बसतो, निवांत बसतो. चार-चार मात्रांच्या सात बारचा पॅटर्न केला की २८ मात्रा होतात, म्हणजे रूपकाची चार आवर्तनं. मेट्रोनोमच्या जोरकस टोल्याकडे दुर्लक्ष करा, सम तुमच्या मनात धरा. टीआर-८एससारख्या स्टेप यंत्रावर (ठेका एकेका घरात भरायचा असतो तिथे) मात्रेला दोन स्टेप धरून शेवटची स्टेप १४ वर ठेवायची.

ड्रम मशीन पुढच्या वर्षी जरूर घ्या, आणि घ्याल तेव्हा किकसाठी, म्हणजे जड, खोल ठोक्यासाठी, घ्या. रोलँडच्याच १९८०च्या टीआर-८०८ ड्रम मशीनमध्ये आवाज सर्किटमधून तयार होत होते. टीआर-८एस त्याची डिजिटल नक्कल करतं, पण चालू ठेक्यात किकची लांबी आणि सूर नॉबने फिरवण्याची मजा तशीच राहते. सॅम्पल केलेली किक इतकी हाताला येत नाही. दोन्ही यंत्रं आली की टेम्पोचा मालक एकच ठरवा, बाकीच्यांनी मिडी क्लॉकवर (मिडीतून येणाऱ्या टेम्पोच्या ठोक्यांवर) त्याच्या मागे जायचं. दोघांनाही मालक केलंत तर काही मिनिटांत ठेके फाटतात.

काठ्यांनीच वाजवायचं असेल तर रोलँडचं एसपीडी-एसएक्स हाही सॅम्पलरच आहे, पण त्यात सिक्वेन्सर, म्हणजे ठेका साठवून आपोआप वाजवणारी सोय, नाही. तुमच्या कामाला तो अपुरा पडेल.

प्रश्न : सॅम्पलर लॅपटॉपला यूएसबीने आणि स्पीकरला केबलने जोडला की गुणगुण येते. यंत्र बिघडलंय का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुधा नाही, हा अर्थिंगचा फेरा असतो, म्हणजे दोन जोडण्यांतून अर्थिंगचं वर्तुळ तयार होतं. यूएसबी काढून यंत्र बॅटरीवर चालवून पाहा. गुणगुण थांबली तर यंत्र ठीक आहे, आणि ग्राउंड लिफ्टचं (केबलमधली अर्थिंग तोडणारं) बटण असलेला डीआय बॉक्स, म्हणजे यंत्र आणि स्पीकरच्या मध्ये बसणारी छोटी पेटी, लावून काम होईल. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कोणीही सांगितलं तरी काढू नका. मांडवात, ओल्या जमिनीवर, तीच पिन तुमचा जीव वाचवते.