नातवाच्या गाण्यात आजीला काय सापडत नाही?

प्रश्न : माझा नातू बारावीत आहे. त्याच्या मोबाइलवरची गाणी मी मुद्दाम कान देऊन ऐकते, पण एकही मनाला भिडत नाही. आमच्या वेळी रेडिओवर चांगले गाणे लागले की भाकरी थापता थापता हात थांबायचा. पिढीगणिक गाण्यातला भाव आटत चालला आहे, की हा माझ्या वयाचा दोष आहे?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, वयाला दोष देऊ नका. आपल्याला जे खटकते ते खरेच घडले आहे. फक्त त्याची जागा थोडी वेगळी आहे, असे मला वाटते.

आपल्या आठवणीतली गाणी साठ वर्षांच्या चाळणीतून उरलेली आहेत. यमक जुळवून उरकलेली गाणी तेव्हाही येत होती, पण ती केव्हाच विसरली गेली. आजच्या गाण्यांना ती चाळणी अजून लागायची आहे, त्यामुळे दाणे आणि कोंडा एकदमच आपल्या पदरात पडतो. गाणी आखूड झाली म्हणून भाव गेला, हेही मला पटत नाही. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटेच मावत. कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादिया खाँ यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानातून अंतराळात पाठवली गेली, ती अवघ्या साडेतीन मिनिटांची आहे.

गमावले आहे ते अंतऱ्याचे, म्हणजे धृपदानंतरच्या कडव्याचे मोल. १९६५च्या ‘साधी माणसं’मधले ऐरणीच्या देवाचे गाणे आठवून पाहा. शब्द जगदीश खेबुडकरांचे, आवाज लताबाईंचा आणि ‘आनंदघन’ या नावाने दिलेले संगीतही त्यांचेच. धृपदात, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या मुखड्यात, लोहाराची बायको देवाला ठिणगी वाहते आणि त्याची माया राहू दे म्हणते, एवढेच आहे. अंतऱ्यात मात्र ती गरिबीचेच लेणे लेऊन, लोखंडाचे चणे खाऊन अब्रूने जगण्याचे आणि आपला धनी वाघासारखा राहावा हे मागणे मागते. आणि तिथून आपण धृपदाकडे परतलो की ती आधीचीच ठिणगी आता तिच्या सगळ्या संसाराची झालेली असते. हा अर्थ पहिल्यांदा ऐकलेल्या ओळीत नव्हता, तो परतीच्या वाटेवर भरला गेला. आता स्पॉटिफाय या गाण्यांच्या अ‍ॅपवर गाणे ३० सेकंद वाजले की ते ऐकले गेले असे मोजले जाते आणि रीलमध्ये तर धृपदाचा एक तुकडाच फिरत राहतो, म्हणजे परतण्याची वाटच उरत नाही. साहजिकच, पुष्कळ गाणी पहिल्या काही सेकंदांत सारे काही देऊन मोकळी होतात.

वाट पाहणेही त्याबरोबरच गेले. आपल्या कोल्हापुरात १९१९ साली जन्मलेल्या सुधीर फडक्यांचे गीतरामायण आकाशवाणी पुणे केंद्रावरून १९५५च्या रामनवमीपासून वर्षभर चालले. एकूण ५६ गीते, आठवड्याला एक. पुढचे गीत येईपर्यंत आधीचे घराघरांत गुणगुणून मुरत असे, आणि भाव खोल जायला असा मुरण्याचा वेळ लागतोच.

तरीही मी निराश नाही, याचे कारण सांगतो. ‘सैराट’ची गाणी मी प्रथम ऐकली ती गणपतीच्या मिरवणुकीत, मिरजकर तिकटीजवळ, डॉल्बीवर. खिडक्यांची तावदाने थरथरत होती आणि कानावर ठोक्याशिवाय काहीही येत नव्हते. हे संगीत नव्हेच, असे मी घरी येऊन ठामपणे म्हणालो. दोन दिवसांनी पुतण्याने त्यातलेच एक गाणे हेडफोनवर लावून दिले. तेव्हा मला व्हायोलिनचा अख्खा ताफा ऐकू आला, गाणाऱ्याने ओळीच्या शेवटी घेतलेला श्वास ऐकू आला, आणि मिरवणुकीत मी नेमके काय ऐकले होते असा प्रश्न पडला. अजय-अतुल यांनी त्या चित्रपटासाठी परदेशातला सिंफनी वाद्यवृंद वापरला होता. ते कष्ट रस्त्यावर माझ्यापर्यंत पोहोचलेच नव्हते.

म्हणून आपल्याला एक विनंती आहे. नातवाच्या मोबाइलवरून उडत उडत जे कानावर पडते, त्यावरून निकाल देऊ नका. एखाद्या रविवारी दुपारी त्याला शेजारी बसवून त्याच्या सर्वांत आवडीचे एकच गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत लावायला सांगा आणि संपल्यावर दुसऱ्या अंतऱ्यात काय होते ते त्याला विचारा. त्याला ते सांगता आले, तर ते गाणे आपणही आणखी एकदा ऐका. नाही आले, तर लोहाराच्या बायकोचे गाणे त्याला लावून द्या, आणि मध्येच बंद करू देऊ नका.