मालक ‘खुशाल करा’ म्हणाला, तरी हातोडा उचलू नका

पाच वर्षांच्या करारावर गाळा घेतलाय, मधली भिंत पाडून मागच्या बाजूला पोटमाळा टाकायचाय, आणि मालक फोनवर ‘खुशाल करा’ म्हणाला. एवढं पुरेसं आहे का, असं विचारलंय तुम्ही. नाही.

माझ्या पहिल्या ऑफिसचा मालकही असंच म्हणाला होता, आणि माणूस शब्दाचा पक्का होता. पण तिसऱ्या वर्षी त्याने जागा विकली. नव्या मालकाने करारातलं ‘लेखी परवानगीशिवाय फेरफार करू नये’ हे कलम पुढे केलं आणि जागा पूर्ववत करण्याचा खर्च माझ्या डिपॉझिटमधून कापला. माझ्याकडे दाखवायला कागदाचा चिटोराही नव्हता.

तेव्हा नकाशा जोडून लेखी परवानगी घ्या. जाताना काय काढायचं, काय तसंच ठेवायचं आणि ठेवलेल्याचे पैसे मिळणार की नाही, हेही त्याच पत्रात येऊ द्या. रॅक, काउंटर, एसी यांची ‘भाडेकरूच्या मालकीच्या वस्तू’ म्हणून यादी करा. भिंतीत पक्क्या बसवलेल्या वस्तूंवरून शेवटी हमखास वाजतं. कामाआधीचे तारखेसह फोटो मालकालाही पाठवून ठेवा.

आता भिंत. मालकाचा होकार म्हणजे इमारतीचा होकार नव्हे. ती भार पेलते की नाही, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला ठरवू द्या. ठोकून आवाजावरून निकाल देणाऱ्या ठेकेदाराला लांबूनच नमस्कार. तिच्या जागी दुसरीकडे आडोसा हवा असेल तर तो विटांचा करू नका. अर्ध्या विटेची, दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली भिंत चौरस मीटरला साधारण २५० किलो भरते, साधं जिप्समचं पार्टिशन २५ किलोच्या आसपास. ३ मीटर लांब आणि तेवढीच उंच भिंत म्हणजे सव्वादोन टन. खाली दुसऱ्या कुणाचा गाळा असेल तर तो सगळा भार मधल्या स्लॅबवर. आणि पार्टिशन छतापर्यंत नेलंत तर आगीच्या वेळी स्प्रिंकलरचं पाणी पलीकडे पोचणार नाही, तिकडे वेगळा स्प्रिंकलर लागेल.

पोटमाळ्याच्या मी खरं तर विरोधातच आहे. बहुतेक ठिकाणी त्याला बांधकाम परवानगी लागते, त्याच्याखालीही स्प्रिंकलरची तीच अडचण येते, आणि विमा कंपनीला न कळवता केलात तर दावा अडकण्याची भीती वेगळीच.

पण या सगळ्याच्या आधी करारात एक गोष्ट शोधा: लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ करार मोडता न येण्याची अट, फक्त तुमच्यावर आहे की मालकावरही? मालक तीन महिन्यांच्या नोटिशीवर जागा रिकामी करून घेऊ शकत असेल, तर तुम्ही पाच वर्षं धरून केलेला हिशेब फसलाच. मग उचलून नेता येईल एवढाच खर्च करा. ते कलम इथे जसंच्या तसं टाका, बघून सांगतो.