वरच्या मजल्याचा डीबी (वीज वाटणारा बोर्ड) बदलतोय, मीटरपासून १५ मीटर, ४० अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), ६ स्क्वेअर एमएमची वायर चालेल का?

६ नको, सरळ १० स्क्वेअर एमएम कॉपर टाक, एफआर (आग सहज न पसरवणारी) किंवा एफआरएलएस (धूरही कमी करणारी), आयएस ६९४ हा भारतीय मानकाचा नंबर छापलेली बघून घे. पाइपातून गेलेल्या वायरीला गरमी बाहेर टाकता येत नाही, त्यात वर एसी आणि गीझर एकदम चालले की ६ ची वायर तापणार. न्यूट्रल आणि अर्थपण १० चीच हां, आमच्याकडे वायरमन अर्थला बारीक वायर लावून मोकळे होतात. पुढे ६३ चा एमसीबी बसवायचा विचार असेल तर आत्ताच १६ ओढ, परत भिंत कोण फोडणार. आणि घर गोव्यात समुद्राजवळ, कळंगुट-बागा साइडला असेल तर खाऱ्या वाऱ्याने टोकं हिरवी पडतात, म्हणून टिन केलेले लग्स (वायरीच्या टोकाला बसवायचे धातूचे तुकडे) नीट क्रिंप करून, म्हणजे दाबून बसवून घे. ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट लीक झाला की वीज तोडणारा स्विच) पण लाव. काम मात्र लायसनवाल्याकडूनच.